आठ लांडग्यांवरून खेळ अडतो का? आधी कर्ता शोधा

जळगावला आम्ही रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, मिळून गोष्ट पुढे न्यायची, आणि काय होतं ते फाश्यांनी ठरवायचं. आमच्या टेबलावर एकच भांडण दर दोन-तीन आठवड्यांनी नव्याने पेटायचं. ड्रुइड, म्हणजे रानातली जादू करणारं पात्र, खेळणारा म्हणायचा, "ताई, कॉन्जर ॲनिमल्स. आठ लांडगे." कॉन्जर ॲनिमल्स हे प्राणी बोलावण्याचं स्पेल, म्हणजे मंत्र. डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, खेळ चालवणारी, मी. मी म्हणायचे, "आठ प्राणी येतील. लांडगेच येतील असं कुठे लिहिलंय?" मग तो फोन काढायचा, मी माझी छापील पानं उघडायचे, आणि फायटर खेळणारे दादा, जे भुसावळहून गाडी पकडून फक्त या चार तासांसाठी येतात, ते उठून चहा ठेवायला जायचे. भांडण मिटायचं ते सगळे कंटाळले म्हणून. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

वर्षभर असं चाललं. मग एका रविवारी धुळ्याहून एक मुलगा पाहुणा म्हणून आला होता, आयुष्यात पहिल्यांदा खेळत होता. आमची वादावादी त्याने दहा मिनिटं ऐकली आणि सरळ विचारलं, "पन आते निवडस कोन?"

मला एकदम शाळेतला व्याकरणाचा तास आठवला. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि पुढे 'कोण?' विचारायचं. उत्तर येईल तो कर्ता. रामाने आंबा खाल्ला, खाणारा कोण? राम. आवाहनाच्या, म्हणजे प्राणी किंवा इतर जीव बोलावण्याच्या, स्पेल्सवरून होणारी जवळजवळ सगळी भांडणं मी त्या दिवसापासून या एका प्रश्नाने तपासते, आणि बहुतेक मिटतात. कारण असं की नियम इंग्रजीत लिहिले आहेत, आणि तिथे प्राणी 'प्रकट होतात' एवढं म्हटलं की वाक्य पुरं होतं. कोणते प्रकट व्हायचे हे ठरवणारा त्या वाक्यात येतच नाही. आपण मात्र तेच टेबलावर मराठीत सांगताना 'मी आठ लांडगे बोलावले' असं म्हणतो आणि बोलता बोलता कर्त्याच्या रिकाम्या पाटावर स्वतः जाऊन बसतो. त्या पाटावर डीएमही बसायला निघालेला असतो. भांडण तिथे लागतं.

पुढे जे लिहिते आहे ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे, कारण आम्ही तीच खेळतो. दुसरा खेळ खेळत असाल तर आकडे बदलतील, प्रश्न तेच राहतील.

कर्ता शोधण्याआधी एक गोष्ट

टेबलावरच्या सगळ्यांच्या हातात एकच आवृत्ती आहे का ते बघा. हे मी सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण आमच्या वर्षभराच्या भांडणातला निम्मा भाग इथेच होता आणि कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने लिहून आले. कॉन्जर ॲनिमल्स हे नाव दोन्हीकडे आहे, पण आतलं स्पेल पार वेगळं आहे. २०१४ मध्ये खरेखुरे प्राणी येतात: प्रत्येकाचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), प्रत्येकाचा चावा. २०२४ मध्ये प्राण्यांचा एक धूसर, हाताला न लागणारा कळप येतो. तो तुमच्याबरोबर सरकतो, आणि त्याच्या १० फुटांत सापडलेल्याला डेक्स्टेरिटीचा सेव्ह, म्हणजे चपळाईने वाचण्यासाठी टाकायचा फासा, चुकला तर ३डी१०, म्हणजे दहा बाजूंच्या तीन फाश्यांची बेरीज, एवढी इजा होते. मोजायला लांडगे नाहीत, हिट पॉइंट नाहीत, पाळी नाही. आमचा ड्रुइड फोनवर नवीन वाचत होता, व्हिडिओ जुन्या आवृत्तीचे बघत होता, आणि मी २०१४ च्या कागदांवरून निर्णय देत होते. दोघे दोन गावांच्या वाटेला लागलेलो.

मधल्या काळात, २०२०च्या एका पुरवणी पुस्तकात, 'समन' नावाने सुरू होणारी स्पेल्स आली: समन बीस्ट, समन फे, समन अनडेड वगैरे. त्यांत एकच जीव येतो आणि त्याचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांची चौकट, स्पेलच्या खालीच छापलेला असतो. नव्या गटाला मी हीच स्पेल्स सुचवते. यात कर्त्याचा गोंधळ जवळपास नाहीच.

पुस्तकं महाग आहेत आणि आपल्याकडच्या दुकानात सहज मिळत नाहीत, हे खरं. पण २०१४ च्या नियमांचा मूळ गाभा, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. तो उतरवून छापून घेता येतो. कॉन्जर ॲनिमल्सही त्यात आहे आणि लांडगाही. मी लागतील तेवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली आणि फाइलला लावली. वाद झाला की फाइल उघडायची, फोन नाही, असं ठरवलं. भांडणं लगेच कमी झाली.

निवडणारा कोण?

२०१४ चं कॉन्जर ॲनिमल्स तिसऱ्या लेव्हलचं आहे. ६० फुटांच्या आत, एक तासापर्यंत, कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे टाकणाऱ्याने लक्ष सतत धरून ठेवायचं. समोर चार पर्याय असतात: चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी त्याचा आकडा) २ पर्यंतचा एक प्राणी, १ पर्यंतचे दोन, १/२ पर्यंतचे चार, नाहीतर १/४ पर्यंतचे आठ. पर्याय निवडणारा कोण? स्पेल टाकणारा. त्याबद्दल कुणाचा वाद नाही. प्राणी निवडणारा कोण? स्पेलमध्ये फक्त एवढं आहे की प्राण्यांचे आकडे डीएमकडे असतात. यावर खेळ बनवणाऱ्यांनी नंतर सेज ॲडव्हाइस या अधिकृत प्रश्नोत्तरांमध्ये स्वच्छ उत्तर दिलं: टाकणारा पर्याय निवडतो, त्या पर्यायात बसणारे प्राणी डीएम ठरवतो. फाइंड फॅमिलिअर या सोबती प्राणी बोलावण्याच्या स्पेलमध्ये मात्र प्राण्यांची यादीच टाकणाऱ्यासमोर ठेवली आहे, तिथे घुबड की मांजर हे तोच ठरवतो. म्हणजे दोन स्पेल्समध्ये निवडणारे दोन वेगळे आहेत, आणि खेळाडू एकाचा अनुभव दुसऱ्याला लावतो.

जुन्या लोकांना हे विचित्र वाटतं, त्याला कारण आहे. साडेतीन आवृत्तीत, म्हणजे ३.५ मध्ये, समन मॉन्स्टरला लेव्हलनुसार तक्ता होता आणि तक्त्यातलं नाव टाकणारा घ्यायचा. तिथे हा प्रश्नच उठत नव्हता.

आता नियम माझ्या बाजूचा निघाला, म्हणून प्रश्न सुटला का? नाही सुटला. मी एकदा हा अधिकार वापरला आणि कोरड्या खडकाळ माळावर ड्रुइडला आठ मोठे बेडूक दिले. चॅलेंज रेटिंग १/४, नियमात बसतं. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी उरलेला वेळ तो फक्त फासे टाकत होता, खेळत नव्हता. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायची मोजकी संधी, खर्च करून हाती काय येणार याचा अंदाजच नसेल, तर कुणी ते स्पेल तयार ठेवेल कशाला? अधिकार डीएमचा असला तरी खेळाडूला भरवसा लागतो. तो मी मोडला होता, हे मी दुसऱ्या रविवारी सगळ्यांसमोर कबूल केलं.

त्यावर आम्ही जो उपाय काढला तो गेलं दीड वर्ष टिकला आहे. आमच्या खेळाचा नकाशा सातपुड्यावरून काढलेला आहे, वर डोंगर आणि जंगल, खाली तापीसारखी मोठी नदी. म्हणून प्रत्येक प्रदेशाला सहा ओळींची यादी केली. जंगलाची अशी: एक आला तर रानडुक्कर, दोन बिबट्या, तीन अजगर, चार लांडगे, पाच मोठा विषारी साप, सहा आला तर खेळाडू मागेल ते. सगळे १/४ चेच. यादी आधीपासून ड्रुइडकडे असते. तो स्पेल टाकतो, पर्याय सांगतो, आणि डी६ही तोच टाकतो. यावल अभयारण्याच्या बाजूचा आमचा एक मित्र म्हणाला की जंगलात बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, म्हणून ती नावं वर आली. नदीकाठची यादी वेगळी, तिथे बेडूक आहेत आणि तिथे ते शोभतात. निवडणारा आता प्रदेश झाला. त्याच्याशी भांडायला कुणी जात नाही.

याच ठिकाणी आणखी एक कुप्रसिद्ध गाठ सुटते. चौथ्या लेव्हलच्या कॉन्जर वुडलँड बीइंग्जने आठ पिक्सी (चिमुकल्या पऱ्या) बोलवायच्या आणि प्रत्येकीकडून पॉलिमॉर्फ हे रूप बदलण्याचं स्पेल टाकून घेऊन अख्ख्या पार्टीला अजस्र वानर करून टाकायचं, ही युक्ती नेटवर सगळीकडे सापडते. पिक्सीचं रेटिंग १/४, म्हणून गणित बसतं. पण ती युक्ती उभी आहे 'मी पिक्सी निवडल्या' या वाक्यावर, आणि त्या वाक्यातला कर्ता चुकलेला आहे. शिवाय बोलावलेल्याने पुढे आणखी कुणाला बोलवायचं नाही, हा नियम ३.५ मध्ये स्पष्ट लिहिलेला होता, पाथफाइंडर या तसल्याच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही आहे. आम्ही तोही घरचा नियम म्हणून घेतला.

हलवणारा कोण?

इथे थोडं थांबते, कारण खेळाचा वेळ सगळ्यात जास्त इथे जातो.

मागच्या हिवाळ्यातली एक लढाई. समोर एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस: आर्मर क्लास (फटका लागायला फाश्याने गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट ५९. ड्रुइडने फासा टाकला, चार आला, लांडगे मिळाले. चौकटीच्या वहीच्या पानावर एक चौकट म्हणजे ५ फूट. मी ओगरसाठी काड्यापेटी ठेवली आणि तिच्याभोवती आठ चिंचोके मांडले. लांडग्याचा फटका +४ ने, म्हणजे फाश्यात ४ मिळवायचे. शेजारी साथीदार असला की पॅक टॅक्टिक्स या कळपाच्या गुणामुळे ॲडव्हांटेज, म्हणजे प्रत्येकाला दोन डी२०, त्यातला मोठा धरायचा. सोळा फासे. लागलेल्या प्रत्येक चाव्याला २डी४+२. शिवाय प्रत्येक चाव्यावर ओगरचा स्ट्रेंग्थ सेव्ह, ११ किंवा जास्त, नाहीतर तो आडवा. कोणता चिंचोका झाला आणि कोणता राहिला हे दोनदा विसरलो, दोनदा मागे जाऊन मोजलं. फोनवर बघितलं तर लांडग्यांच्या एका पाळीला अकरा मिनिटं लागली होती. दादांची पाळी पुढची. त्यांची भरीत-पुरीची प्लेट संपून गेली होती. त्यांनी एक वार केला, चुकला, त्याला अर्धा मिनिट लागला. मग पुन्हा ड्रुइड.

चार तासांसाठी गाडीने येणाऱ्या माणसाच्या वाट्याला अर्धा मिनिट. हे मला फार लागलं. नियमाचा प्रश्न मागे राहिला, माणसाला न्याय द्यायचा प्रश्न पुढे आला.

तर हलवणारा कोण? २०१४ च्या स्पेलमध्ये बोलावलेल्या प्राण्यांचा एक गट होतो, त्या गटाचा इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा फासा, वेगळा टाकायचा आणि त्याला स्वतःची पाळी असते. बहुतेक टेबलांवर हे वाचलंच जात नाही. ड्रुइड स्पेल टाकतो आणि त्याच पाळीत लांडगे चावून मोकळे होतात. नीट वाचलं तर लांडगे त्यांच्या आकड्यावर हलतात. तो आकडा त्या राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) होऊन गेला असेल तर ते पुढच्या राउंडपर्यंत उभे राहतात, आणि शत्रूला एक श्वास मिळतो.

हुकूम तोंडी द्यावा लागतो, त्याला ॲक्शन, म्हणजे पाळीतली कृती, लागत नाही. पण बोलणं आपापल्या पाळीत, थोडक्यात, असं मूळ नियम सांगतात. एक राउंड म्हणजे ६ सेकंद. म्हणून आमच्याकडे ड्रुइडने खरंच मोठ्याने वाक्य म्हणायचं: "त्या ओगरवर तुटून पडा." एका दमात म्हणता आलं पाहिजे. "तिघांनी डावीकडून जा, दोघांनी दार अडवा, ओगर पडला तर उरलेल्यांनी तिरंदाजाकडे वळा" एवढं लांब वाक्य जनावरांना कळणार नाही, आणि ते ६ सेकंदांत बसतही नाही. वाक्य दिलं, मग लांडग्यांच्या पाळीपर्यंत परिस्थिती बदलली तरी वाक्य तेच राहतं. काहीच हुकूम दिला नाही तर प्राणी स्वतःचा बचाव तेवढा करतात, आपणहून हल्ला करत नाहीत. हे एवढं लागू केलं आणि ड्रुइड खेळणाऱ्यालाच मजा यायला लागली, कारण आता तो आठ सोंगट्या ढकलण्याऐवजी जनावरांशी बोलत होता.

नव्या 'समन' स्पेल्समध्ये ही भानगड काढून टाकली आहे. जीव तुमच्याच आकड्यावर, तुमच्या लगेच नंतर हलतो, आणि हुकूम नसेल तर डॉज घेऊन जीव वाचवतो. पाथफाइंडरमध्ये तर आवाहन टिकवायला दर राउंडला स्वतःची एक ॲक्शन द्यावी लागते आणि त्या जीवाला दोन मिळतात. म्हणजे तिथे वेळेची किंमत नियमातच घातली आहे.

आता सोळा फाश्यांचं काय करायचं. २०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये घोळक्याने हल्ला केला तर वापरायचा एक तक्ता आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. लक्ष्याच्या आर्मर क्लासमधून फटक्याचा आकडा वजा करा. ओगरसाठी ११ वजा ४, म्हणजे ७. सहा ते बारा या खान्यात दोन हल्लेखोरांमागे एक फटका लागतो. आठ लांडगे, चार फटके. लांडग्याच्या चाव्याची सरासरी ७, म्हणून २८. फासे शून्य. तिसऱ्याच लेव्हलच्या फायरबॉलची सरासरीही ८डी६ म्हणजे २८च येते, त्यामुळे हा आकडा आमच्या विझार्डलाही पटला. पूर्ण फासे टाकले असते तर ॲडव्हांटेज धरून आठातले सात लांडगे सहज लागतात, सरासरी ४९, आणि तेही दर राउंडला. ओगर एका राउंडात जवळजवळ संपतो, आणि बाकीचे बघत राहतात.

तक्त्यात पॅक टॅक्टिक्स मोजलेलं नाही, ड्रुइडची ती तक्रार रास्त होती. म्हणून ॲडव्हांटेज असेल तर आम्ही एक फटका वाढवून पाच धरतो, ३५. ओगर आडवा होतो का यासाठी लांडग्यांच्या अख्ख्या पाळीत एकच सेव्ह. ही दोन्ही आमची घरची सोय आहे. लांडग्यांची पाळी आता मिनिटभरात होते.

ठेवणारा कोण, आणि कुठे?

हे थोडक्यात. दिसणाऱ्या, मोकळ्या जागेत प्राणी येतात, जागा टाकणारा सांगतो. काही जण 'मोकळी जागा' म्हणजे हवाही धरतात आणि ६० फुटांवरून जड जनावर शत्रूच्या डोक्यात घालतात. २०१४ च्या नियमात याला थेट मनाई नाही. ३.५ मध्ये होती: आणलेली वस्तू वा जीव अधांतरी येऊ शकत नाही, त्याला पेलणारी जमीन पाहिजे. आम्ही ते वाक्य जसंच्या तसं उचललं.

आणि चौकटी मोजा. माणसाएवढ्या शत्रूभोवती चौकटी आठच. आठही लांडग्यांनी भरल्या तर तुमचा फायटर उभा कुठे राहणार? दहा फूट रुंद बोळात दोनच लांडगे पुढे मावतात. जिथे आठ बोलावणं जड जातं तिथे जागाच त्यांना आवरते.

सोडणारा कोण?

आम्ही मराठीत खेळताना या स्पेल्सना 'आवाहन' म्हणतो. हा शब्द मला आवडतो, कारण आवाहन म्हटलं की खान्देशी माणसाच्या मनात विसर्जन आपोआप येतं. श्रावणात घरोघरी कानबाई बसते. ज्या घरी बसवली त्या घराने दुसऱ्या दिवशी तिला नदीवर न्यायचं, वाजत-गाजत, रीतीने. बसवणाऱ्यावर निरोपाचीही जबाबदारी असते. स्पेल वाचताना खेळाडू पहिल्या चार ओळी वाचतो, शेवटच्या चार सोडतो. विसर्जन त्या शेवटच्या चार ओळींत असतं.

मे महिन्यातला रविवार होता, बाहेर ४५ अंश, कूलरसमोर आम्ही सहा जण. विझार्ड खेळणारी, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, तिने पहिल्यांदाच कॉन्जर एलिमेंटल, म्हणजे आग-पाण्यासारख्या तत्त्वाचा जीव बोलावण्याचं स्पेल, टाकलं. पाचव्या लेव्हलचं स्पेल, टाकायला पूर्ण एक मिनिट लागतो, समोर १० फुटांचा घन भरेल एवढी आग लागते. गावाबाहेर जळणाऱ्या गंजीतून फायर एलिमेंटल उठला, १०२ हिट पॉइंटचा. दोन राउंड त्याने रान पेटवलं. तिसऱ्या राउंडला एक बाण तिला लागला, ९ इजा. कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह: १० किंवा इजेचा निम्मा, जो जास्त तो. इथे १०. फाश्यावर ८ आला, तिचं कॉन्स्टिट्यूशन +१. नऊ.

ती म्हणाली, "जाऊ दे, नाहीसा झाला." कारण तिने लांडगे नाहीसे होताना बघितले होते. मी फाइल उघडून वाचून दाखवलं: यातला एलिमेंटल नाहीसा होत नाही. तुमचा ताबा सुटतो, तो तुमच्यावर आणि तुमच्या साथीदारांवर उलटतो, तुम्हाला त्याला घालवता येत नाही, आणि बोलावल्यापासून एक तास पुरा झाला की मग तो जातो. सगळे गप्प. एक तास म्हणजे ६०० राउंड.

तिचा चेहरा उतरला होता, आणि खरं सांगायचं तर चूक माझीही होती. इतकं धोक्याचं स्पेल कुणी पहिल्यांदा टाकत असेल तर शेवटच्या ओळी आधी वाचून घेणं हे डीएमचं काम. त्या दिवसापासून आमच्याकडे रीत आहे: आवाहनाचं स्पेल पहिल्यांदा टाकणाऱ्याने त्याचा शेवट मोठ्याने मराठीत सांगायचा. सांगता आला नाही तर स्लॉट खर्च होत नाही, आधी वाचायचं.

याच वाचनातून एक बारकावा हाती लागला, तो मराठीत जास्त स्वच्छ दिसतो. कॉन्सन्ट्रेशन तुटणं वेगळं आणि सोडणं वेगळं. तुटलं याला कर्ता नाही, ते आपल्या हातात नव्हतं. सोडलं याला कर्ता आहे. नियमात एलिमेंटल उलटतो तो कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर. स्पेल संपलं तर मात्र तो नाहीसा होतो, असं त्याच स्पेलमध्ये वर लिहिलेलं आहे. आणि कॉन्सन्ट्रेशन आपणहून कधीही सोडता येतं, त्याला ॲक्शन लागत नाही. मग धोका दिसला की स्वतः सोडायचं, एलिमेंटल शांतपणे जातो. आमच्या टेबलावर याला एकच अट आहे: सोडायचं ते सेव्हचा फासा हातातून सुटण्याआधी सांगायचं. त्या मुलीने नंतर दोनदा हेच केलं, दोन्ही वेळा अगदी वेळेवर.

सांगाड्यांचं तिसरंच आहे. सांगाडे उठवणाऱ्या ॲनिमेट डेड स्पेलमध्ये कॉन्सन्ट्रेशन नाही, ताबा २४ तासांचा. मुदतीच्या आत स्पेल पुन्हा टाकलं नाही तर ताबा जातो, सांगाडा जात नाही. तो तिथेच उभा राहतो. रात्री झोपताना नेक्रोमॅन्सरने, म्हणजे मुडदे उठवणाऱ्या जादूगाराने, स्लॉट मोजून ठेवावेत, एवढंच.

घुबडाबद्दल सारखं विचारलं जातं

फॅमिलिअर हल्ला करू शकत नाही, बाकीच्या ॲक्शन करू शकतो. म्हणून घुबड झेप घेऊन शत्रूला विचलित करतं, म्हणजे हेल्प देतं, आणि फ्लायबाय या त्याच्या गुणामुळे सुखरूप परत येतं. हे नियमात बसतं, अडवू नका. पण त्याचा इनिशिएटिव्ह त्याचा स्वतःचा असतो, मालकाच्या पाळीत ते हलत नाही. आणि घुबडाला हिट पॉइंट एकच असतो. शत्रूंमध्ये एखादा तिरंदाज असला की दुसऱ्या खेपेला तो घुबडावरच नेम धरतो. पुन्हा बोलवायला एक तास आणि १० सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप, वनस्पती. हे वसूल केलं की घुबड जपून वापरलं जातं.

शेवटचा निर्णय आमच्या वहीत गेल्या महिन्यात चढला. शत्रूच्या पुजाऱ्याने ड्रुइडवर सायलेन्स टाकलं, २० फूट त्रिज्येच्या त्या गोलात आवाज उमटत नाही आणि आतून बाहेरही जात नाही. हुकूम तोंडीच द्यावा लागतो, मग बाहेरच्या रानडुकरांचं काय? ड्रुइडचं म्हणणं, मी हाताने खुणा करतो. वाचून बघितलं, स्पेलमध्ये तोंडी हुकूमच आहे, खुणा नाहीत. दादा म्हणाले, आधी दिलेला हुकूम तर त्यांनी ऐकलेला आहे ना? सांगणारा गप्प झाला तरी ऐकणारा विसरत नाही. सगळ्यांना पटलं. मागचा हुकूम पुरा होईपर्यंत चालेल, नवीन देता येणार नाही, असं ठरलं. मागचा हुकूम होता "पुलावरच्या माणसाला पाडा." रानडुकरांनी त्याला पाडलं, आणि मग पुलावरच, ड्रुइड गोलातून बाहेर येईपर्यंत, हुंगत उभी राहिली.